सायखेड्याची वही वरंगळला

नाशिकहून निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांदोरी लागते. तेथून गोदावरीवरचा पूल ओलांडला की सायखेडा. दोन्ही गावे एकमेकांना हाक मारतील इतकी जवळ, आणि मध्ये नदी. नाशिकची माणसे गोदावरीला गंगा म्हणतात. तिच्या दोन्ही तीरांवरील या सुपीक पट्ट्याला गोदाकाठ हे नाव पडले आहे. ऊस, द्राक्षे, भाजीपाला आणि कांदा ही येथली पिके. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार सायखेड्यात भरत असल्याने हंगामात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग गावाला नवी नाही. जुन्या पेठेतील दुकाने मात्र नवख्या माणसाला थोडी विचित्र वाटतात. चार-पाच पायऱ्या चढल्याशिवाय गादीपर्यंत पोहोचता येत नाही आणि प्रत्येक दुकानाला माळा असतोच. माल चढवताना हमालांचे हाल होतात. पण पायऱ्या आणि माळा ज्यांनी बांधले, त्यांनी नदी पाहून बांधले.

पावसाळ्यात नाशिकच्या वर गंगापूर धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो. रेडिओवर, वृत्तपत्रांत आणि आता मोबाइलवर तो क्युसेकमध्ये सांगितला जातो. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हजारांतील हे आकडे ऐकून सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. नाशिकने त्यासाठी स्वतःचे माप फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. रामकुंडाजवळ गोदापात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, मारुती बुडाला, या शब्दांत नाशिक शहर पूर मोजते. हे माप नदीबरोबर खाली गोदाकाठापर्यंत आले आहे. १९६९ चा पूर, २००८ चा पूर, पुढे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर, यांपैकी कोणत्याही पुराचा विषय निघाला की सायखेड्यातील वृद्ध प्रथम मारुतीचे सांगतात आणि मग आपल्या पायरीचे.

या पेठेत कांद्याची आडत आणि किराण्याचे दुकान असलेले एक घर आहे. कांद्याच्या व्यवहारावर तीन पिढ्या उभ्या राहिल्या, पण घराच्या चुलीवर कांदा कधी शिजला नाही. गावातील ग्राहकांना यात काही विशेष वाटत नाही. घरातील आजोबा रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहीत. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या वह्यांत जमा-खर्चाच्या शेजारी, समासात, पावसाळ्यातील काही दिवशी बारीक अक्षरांत एखादी ओळ आढळते. ‘मारुती कंबर, दुपार. पाणी दुसरी पायरी, रात्र.’ कुठे ‘साखर माळ्यावर’ एवढेच. १९६९ च्या पानाला ओल लागल्याचा डाग आहे. त्या काळी नाशिकचा निरोप येई तो एसटीच्या चालकाकडून किंवा मालमोटारवाल्याकडून. पुढे दूरध्वनी आला आणि नाशिकच्या पेढीवरून दिवसातून दोनदा मारुतीची खबर मिळू लागली. आजोबा ती टिपून ठेवत, कारण माल हलवायचा की नाही हे त्यावर ठरे. हमालांना बोलवायचे म्हणजे मजुरी, आणि पूर आला नाही तर ती वाया. चढवण्याचा क्रमही ठरलेला होता: सर्वांत आधी वह्या, मग साखर, गूळ, डाळी, आणि सर्वांत शेवटी तेलाचे डबे. सीलबंद डबा पाण्यावर तरंगतो, म्हणून ते दोरीने एकमेकांना बांधून ठेवले तरी भागत असे.

आजोबा गेले आणि दुकानात संगणक आला. हिशेब अचूक झाला. समास मात्र उरला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढले तेव्हा मोबाइलवर इतके संदेश आले की कोणता खरा मानावा हे कळेना. माल हलवण्यास उशीर झाला. साखरेची आणि डाळीची पोती गेली. पुलाला पाणवेलींचे ढीग येऊन अडकले होते, आणि चिखल उपसण्यात पुढचे कितीतरी दिवस गेले. घरातील मुलगा त्या वेळी शाळेत होता. पुढे तो नाशिकच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकू लागला तेव्हा प्रकल्पाचा विषय त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी फार शोधला नाही. पुलाच्या कठड्याला ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक बसवायचा, तो पाण्यापर्यंतचे अंतर मोजील, आणि पाणी वर आले की ठरलेल्या क्रमांकांवर संदेश जाईल, असा तो प्रकल्प होता. संवेदक काही शे रुपयांत मिळतो. यंत्राची जुळणी दोन महिन्यांत झाली. पण यंत्र खरे सांगते की नाही, हे पडताळायला जुन्या पुरांची माहिती हवी होती, आणि तेव्हा मुलाला माळ्यावरच्या वह्या आठवल्या.

हा प्रकल्प घेऊन तिघांनी वरंगळला जायचे ठरवले. तेथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थी दरवर्षी ‘टेक्नोझिऑन’ नावाचे तांत्रिक संमेलन भरवतात. अशा संमेलनांची रीत आता देशभर रुजली आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’ १९९८ पासून भरते. खरगपूर, मद्रास, रुरकी येथेही तसेच सोहळे होतात. व्यापारी घरांतील वडिलधाऱ्यांना त्यांचे स्वरूप समजावून सांगणे जरा कठीण जाते. त्यात प्रदर्शन असते, निबंधवाचन असते, स्पर्धा असतात, यंत्रमानवांच्या झुंजी असतात, रात्री गाणी असतात. परीक्षा आणि जत्रा एकाच मांडवात भरल्यासारखा हा प्रकार आहे, आणि त्यातील जत्रेचा भाग बराच मोठा असतो हेही खरे. पित्याने मुलाला एकच प्रश्न विचारला, “बक्षीस मिळालं नाही, तर जाण्या-येण्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?” प्रश्न थट्टेचा होता, पण पूर्ण थट्टेचा नव्हता. आईने वाटेसाठी खाखरे आणि शेव बांधून दिली आणि विषय तेथे संपला. वही न्यायला पित्याने नकार दिला. मुलाने पानांची छायाचित्रे घेतली. निघण्याच्या दिवशी मात्र २००८ ची वही कापडात गुंडाळून पित्यानेच पिशवीत ठेवली.

नाशिकरोडला देवगिरी एक्सप्रेस मध्यरात्र उलटल्यावर येते. मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी ही स्थानके झोपेत आणि अर्धवट जागेपणी मागे पडतात. नांदेडनंतर धर्माबाद आले की महाराष्ट्र संपतो आणि फलाटावरील पाट्यांची लिपी गोल होते. तेलंगणातील पहिले मोठे स्थानक बासर. तेथील सरस्वती मंदिर प्रसिद्ध आहे. लहान मुलांना पहिले अक्षर गिरवायला तेथे आणतात. बासर सोडल्यावर गाडी एका लांब पुलावर चढली आणि तिघे दाराशी आले. खाली रुंद, शांत, पिवळसर पाणी होते. सहप्रवाशाला नदीचे नाव विचारले. तो म्हणाला, “गोदावरी.”

घरापासून शेकडो किलोमीटरवर आपली नदी पुन्हा भेटली याचे नवल तिघांना ओसरेना. नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण शाळेच्या भूगोलात हेच शिकवलेले असते. पण नकाशातील निळी रेघ आणि पुलाखालचे पाणी या दोन गोष्टी मनात एकत्र यायला प्रवास करावा लागतो. सायखेड्याहून निघालेले पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी थबकते. तेथील जलाशय पक्ष्यांमुळे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला आणि तेथे साचलेल्या गाळाबद्दल गोदाकाठ तक्रारही करतो. पुढे पैठणला जायकवाडी, मग नांदेडचे विष्णुपुरी, आणि बासरच्या खाली श्रीरामसागर. श्रीरामसागर धरणातून निघणारा काकतीय कालवा पावणेतीनशे किलोमीटरहून लांब आहे आणि तो करीमनगरवरून वरंगळच्या बाजूला जातो. म्हणजे वरंगळच्या शेतांना मिळणाऱ्या पाण्यात सायखेड्याच्या पुलाखालून गेलेला थेंब असू शकतो. तिघे ज्या गावाला परके समजून निघाले होते, तेथे गोदावरी त्यांच्या आधीच पोहोचलेली होती.

सिकंदराबादला गाडी बदलावी लागते. तेथून काझीपेठ दोनेक तासांचे. वाटेत भोंगीरचा एकसंध प्रचंड खडक आणि त्यावरचा किल्ला दिसतो. काझीपेठ, हनमकोंडा आणि वरंगळ ही तीन गावे आता एकमेकांत मिसळून एक शहर झाले आहे. तंत्रज्ञान संस्था काझीपेठ आणि हनमकोंडा यांच्या दरम्यान आहे. १० ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मालिकेतील हे पहिले. २००२ मध्ये त्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले. दुतर्फा झाडी, जुन्या धाटणीच्या इमारती आणि सायकलवरून चाललेली मुले. पुण्या-मुंबईतील झगमगाटाच्या मानाने हे वातावरण गावाकडच्या मुलांना सोसवणारे होते.

भाषेची अडचण मात्र पहिल्याच जेवणाला आली. मुलाने तेलुगूचा पहिला शब्द शिकला तो ‘उल्लिपाय’, म्हणजे कांदा, आणि दुसरा ‘वद्दु’, म्हणजे नको. हे दोन शब्द जोडले की जेवणाचा प्रश्न निम्मा सुटतो. लसणाला ‘वेल्लुल्लि’ म्हणतात, हे दुसऱ्या दिवशी कळले. वाढणाऱ्याने त्याला विचारले, गाव कोणते? नाशिक, असे ऐकून तो हसला. नाशिकचा कांदा साऱ्या तेलंगणाला ठाऊक आहे. नाशिकचा माणूस कांदा नको म्हणतो हे त्याला पटेना. त्यानंतर चार दिवस त्याने कोणालाही न सांगता मुलासाठी दही, भात आणि साधे वरण बाजूला काढून ठेवले.

सादरीकरण दुसऱ्या दिवशी दुपारी होते. फलकावर सायखेड्याच्या पुलाचे चित्र, यंत्राची आकृती, आणि एका कोपऱ्यात वहीच्या चार पानांची छायाचित्रे. तिघांची सारी तयारी यंत्राची होती. परीक्षक प्राध्यापकांनी यंत्र पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही वर्मी लागले. पहिला पाणवेलींबद्दल. पुरात पुलाशी पाणवेलींचा थर साचतो, असे फलकावरच लिहिले होते. मग ध्वनिलहर पाण्यावरून परतेल की पाणवेलींवरून? मोजमाप कशाचे होणार? दुसरा वेळेबद्दल. सायखेड्याच्या पुलावर बसवलेले यंत्र पाणी आले असे सांगेल, पण पाणी आले हे तर पुलावरच्या माणसालाही दिसते. सूचना येण्याआधी किती तास हवेत, आणि त्या तासांत कोण काय करणार?

तिघांपैकी एकाने चाचरत उत्तर दिले. मग परीक्षकांची नजर कोपऱ्यातील छायाचित्रांकडे गेली. हे काय आहे, असे त्यांनी विचारले. मुलाने पिशवीतून वही काढली आणि समासातील ओळी वाचून हिंदीत अर्थ सांगितला. मारुती म्हणजे काय, पायरी म्हणजे काय, साखर माळ्यावर म्हणजे काय. परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. आसपासची चार-सहा मुले जमली. एका किराणा दुकानदाराने एकाच ठिकाणाहून, एकाच पद्धतीने, कित्येक वर्षे नदीची पातळी नोंदवली आहे. वर नाशिकला किती आणि खाली सायखेड्यात किती, दोन्ही वेळांसह. नदीशास्त्रात अशा जोडीला फार मोल असते. सरकारी नोंदी असतात, पण त्या नोंदकेंद्राच्या असतात. दुकानाच्या दुसऱ्या पायरीला पाणी कधी लागले, हे त्यांतून समजत नाही. तिघांनी या नोंदी केवळ यंत्राच्या पडताळणीसाठी वापरल्या होत्या. त्यातून एक तक्ताही केला होता, पण तो फलकाच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत छापला होता. त्याचे कारण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले: तक्ता जुळत नव्हता. नाशिकला मारुतीच्या छातीला पाणी असताना एका वर्षी सायखेड्यात दुसऱ्या पायरीवर थांबले, तर दुसऱ्या वर्षी तेवढ्याच पाण्याला दुकानात शिरले. लागलेला वेळही दर वेळी वेगळा. आजोबांच्या नोंदींत चूक असावी, असा निष्कर्ष तिघांनी काढला होता.

त्या घोळक्यात स्थापत्य शाखेची एक विद्यार्थिनी उभी होती, हनमकोंड्याचीच. तिने नाशिकपासून सायखेड्यापर्यंतचा नकाशा मोबाइलवर उघडला, बोट फिरवले आणि विचारले, “ये दूसरी नदी कौन-सी है? इसका कॉलम कहाँ है?”

बोट दारणेवर होते. इगतपुरीच्या डोंगरांतून येणारी, धरणाने अडवलेली दारणा नदी नाशिक शहराच्या खाली आणि सायखेड्याच्या वर गोदावरीला मिळते. दुतोंड्या मारुतीला तिच्या पाण्याची खबर असण्याचे कारणच नाही. ज्या वर्षी गंगापूर आणि दारणा यांचे पाणी एकाच वेळी आले, त्या वर्षी सायखेडा बुडाले. ज्या वर्षी मागेपुढे आले, त्या वर्षी पायरीवर निभावले. नोंदी बरोबर होत्या. आजोबांची पेढी नाशिकला होती, दारणाकाठी त्यांना निरोप देणारे कोणी नव्हते. म्हणून वहीत एक रकाना नव्हता. पुराच्या काळात दारणेच्या विसर्गाची बातमी गंगापूरच्या जोडीला रोज छापून येते, हे तिघांना ठाऊक होते. दारणेच्या पुलावरून ते शेकडो वेळा गेले असतील. पण घरात पुराचे माप मारुतीचे, आणि तेच डोक्यात बसलेले. गावातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेली नदी अभियंत्यांच्या तक्त्यातून निसटली आणि ती एका परगावच्या मुलीने दाखवून दिली. बँकेत ताळेबंद जुळत नसला की नवशिका कारकून बेरीज पुन्हा पुन्हा करतो; अनुभवी माणूस आधी पाहतो की एखादे खातेच उतरवायचे राहिले आहे का. येथे तेच झाले होते.

ती विद्यार्थिनी तिघांना संध्याकाळी आपल्या घरी घेऊन गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२३ च्या जुलैमध्ये हनमकोंडा-वरंगळच्या वसाहतींत पाणी शिरले होते. तिच्या घराच्या भिंतीवर, रंगाच्या आत, छातीच्या उंचीला ओलीची एक फिकट रेघ अजून दिसते. हे शहर मोठ्या नदीच्या काठी नाही. मग पाणी आले कोठून? तिच्या वडिलांनी सांगितले ते असे. काकतीय राजांनी या भागात तलावांची साखळी बांधली. वरचा तलाव भरला की त्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाते, तेथून त्याच्या खालच्या. तलावाला येथे ‘चेरुवु’ म्हणतात. एकातून दुसऱ्याकडे जाणारे नाले ज्यांनी बुजवले आणि त्यांवर घरे बांधली, त्यांच्याच घरांत पाणी शिरले. आपले घरही त्यांतलेच, असे ते संकोच न करता म्हणाले. पुराला तेलुगूत ‘वरद’ म्हणतात. मराठी मुलांना त्या शब्दाची गंमत वाटली, कारण आपल्याकडे वर देणारा तो वरद. यजमानांना ती समजावून सांगितल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले की तळी भरतात ती पुरानेच.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळाले, आणि ते योग्यच होते. त्यांचे यंत्र खरोखर चांगले होते. तिघांकडे पूर्ण एक दिवस उरला. त्या दिवसात त्यांनी जे पाहिले, ते कोणत्याही प्रवाशाने पाहावे असे आहे.

पहाटे ते एनुमामुलाच्या बाजारात गेले. देशातील मोठ्या कृषी बाजारांत त्याची गणना होते. मिरचीचा मुख्य हंगाम जानेवारीनंतरचा. त्या वेळी शीतगृहातील माल थोडा येत होता, आणि नवा कापूस मात्र भरपूर. तरीही मिरचीच्या गाळ्याशी पोहोचण्याआधीच शिंका सुरू झाल्या. ‘चपाटा’ नावाची एक आखूड, फुगीर, टोमॅटोसारखी मिरची येथे पिकते. तिखटपणा कमी आणि रंग गडद, म्हणून लोणची आणि रंगासाठी तिला मागणी. आडत्याच्या मुलाला सर्वांत कुतूहल वाटले ते ‘जेंडा पाटा’चे. दिवसाचा पहिला लिलाव झेंडा धरून पुकारतात आणि उत्तम मालाच्या एखाद्या ढिगाला जो भाव मिळतो तो त्या दिवसाचा उच्चांक म्हणून जाहीर होतो. मागाहून येणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना तो भाव मिळत नाही, अशी कुरकुर शेजारी उभ्या शेतकऱ्याने केली. मुलगा हसला. कांद्याच्या बाजारातही वृत्तपत्रात छापला जाणारा ‘जास्तीत जास्त’ भाव एखाद्याच ट्रॅक्टरला मिळतो आणि शेतकरी तोच भाव धरून आडत्याशी भांडतो. भाषा कळत नसली तरी त्या ओट्यावर काय चालले आहे, हे सायखेड्याच्या मुलाला कोणी सांगावे लागले नाही.

दुपारी ते बसने पालमपेटला गेले. वरंगळपासून साठ-सत्तर किलोमीटरवरील या खेड्यात रामप्पा मंदिर आहे. इ. स. १२१३ मध्ये काकतीय राजा गणपतिदेव याचा सेनापती रेचर्ल रुद्र याने ते उभारले. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. काळ्या दगडातील नर्तकींच्या आकृतींपुढे लोक खिळून राहतात आणि ते स्वाभाविक आहे. अभियांत्रिकीच्या मुलांनी मात्र अधिक वेळ पायाजवळ आणि शिखराकडे पाहण्यात घालवला. मंदिराचा पाया वाळूने भरलेल्या खड्ड्यावर आहे; भूकंपाचा धक्का वाळू शोषून घेते, असे अभ्यासक सांगतात. शिखर दगडाचे नाही. ते सच्छिद्र विटांचे आहे आणि त्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. आठशे वर्षांत खांब आणि फरसबंदी काही ठिकाणी कलली आहे, मंदिर उभे आहे. जवळच त्याच काळातला रामप्पा तलाव आहे. बांधावर उभे राहिले की एका बाजूला डोंगरांनी वेढलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेते दिसतात. तो तलाव आजही शेते भिजवतो. तिघांनी बांधाच्या टोकाशी जाऊन सांडवा पाहिला. पाणी कोठवर आल्यावर ते बाहेर जाणार, हे बांधणाऱ्याने दगडातच ठरवून ठेवलेले होते.

परतीच्या वाटेवर सिकंदराबादला गाडीला अवकाश होता. मुलगा फलाटावर बसून मोबाइलवर वाचत होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे गेली. निजामाने सल्ल्यासाठी बोलावले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेला हा म्हैसूरकडचा तरुण १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाला होता, आणि त्याची पहिली नेमणूक होती नाशिकला. परक्या भाषेच्या, परक्या अन्नाच्या त्या गावी त्याने आपली अभियंत्याची कारकीर्द सुरू केली. हैदराबादसाठी त्यांनी शहराच्या वर पाणी अडवण्याची योजना दिली. त्यातून मुसी नदीवर उस्मानसागर उभा राहिला आणि तिला मिळणाऱ्या इसी नदीवर हिमायतसागर. पहिला १९२० मध्ये पुरा झाला, दुसरा १९२७ मध्ये. मुलाने ‘इसी’ हे नाव दोनदा वाचले आणि मोबाइल शेजारच्या मित्राच्या हातात दिला. मित्राने वाचले आणि काही न बोलता परत दिला.

नाशिकरोडहून सायखेड्याला पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती. चांदोरीच्या पुलावर तिघांनी गाडी थांबवली. पावसाळा सरला होता, पाणी खाली गेले होते. खांबांना अडकलेल्या पाणवेली वाळून तपकिरी झाल्या होत्या.

दुकानात गिऱ्हाईक होते. पित्याने बक्षिसाचे विचारले नाही. वही कोरडी आहे ना, एवढे विचारले. रात्री जेवणे झाल्यावर मुलाने दारणेची गोष्ट सांगितली. पिता बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “दारणासांगवीला आपलं एक गिऱ्हाईक आहे. दर बाजाराला माल नेतो. त्याला सांगून ठेवलं तर पावसाळ्यात रोज फोन करील.” माळ्यावर कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा पडून होता, संगणक आल्यापासून लक्ष्मीपूजनाला एक पूजेसाठी काढायची, एवढाच त्यांचा उपयोग उरला होता. त्यांतील एक त्याने खाली आणली, पहिल्या पानावर पट्टीने चार उभ्या रेघा मारल्या आणि मथळे लिहिण्यासाठी लेखणी मुलाकडे दिली. मुलाने लिहिले: मारुती, दारणा, पायरी, माल.